गवंड्याची लेव्हल नळी आणि इंजिनाचा श्वास



आजची नोंद पिकाची नाही, इंजिनाची आहे. त्यातही बरीचशी इतिहासाची आहे. लांबलीय जरा, पण रोटाव्हेटर मारताना ज्याचा ट्रॅक्टर काळा धूर सोडतो त्यानं शेवटपर्यंत वाचावी. खर्च वाचेल.

दोन हंगामांपूर्वी माझ्या ट्रॅक्टरनं लोडवर काळा धूर सोडायला सुरुवात केली. रिकामा पळवला की ठीक, माती लागली की धूर आणि ओढ कमी. नवा एअर फिल्टर टाकला, फरक नाही. नोझल तपासले, डिझेल पंप खोलून घेतला, पैसे गेले, धूर तसाच. शेवटी मेकॅनिक म्हणाला, "दादा, बोअर गेलाय. इंजिन उतरवावं लागतंय." ऐन लागवडीच्या तोंडावर. आकडा ऐकून मी दोन दिवस मागितले.

त्या दोन दिवसांत ट्रॅक्टर वाचला तो गवंड्याच्या लेव्हल नळीनं. घर बांधताना गवंडी पाणी भरलेली पारदर्शक नळी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात धरतो ना, तीच. ते कसं झालं ते शेवटी सांगतो. आधी ही नळी इंजिनापर्यंत कशी पोचली ते बघू, कारण ती गोष्ट आपल्याच विहिरीपासून सुरू होते.

इंजिन किती हवा खातं?

आपण डिझेलचा हिशेब ठेवतो, हवेचा ठेवत नाही. हवा फुकट आहे म्हणून. पण एक लिटर डिझेल पुरतं जळायला कमीत कमी १२ किलो हवा लागते. १२ किलो हवा म्हणजे साधारण १०,००० लिटर. आणि हा कमीत कमीचा आकडा झाला. डिझेल इंजिनाला याच्यापेक्षा बरीच जास्त हवा द्यावी लागते, नाहीतर धूर सुरू होतो.

दुसऱ्या बाजूनं हिशेब करा. तीन सिलिंडरचं, अडीच लिटरचं इंजिन २००० फेऱ्यांवर चाललंय. चार स्ट्रोक असल्यामुळं दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतं. म्हणजे मिनिटाला १००० वेळा अडीच लिटर, झाले २५०० लिटर. सिलिंडर कधी पूर्ण भरत नाही, म्हणून दोन हजार लिटर धरा. आपला फवारणीचा २०० लिटरचा बॅरल असतो, तसे दहा बॅरल हवा दर मिनिटाला. ही सगळी त्या फिल्टरच्या कागदातून, रबरी होजमधून आणि व्हॉल्वच्या फटीतून आत जाते. कुठंही गळा आवळला की डिझेल तेवढंच पडतं, हवा कमी पडते, आणि न जळलेला कोळसा सायलेन्सरमधून बाहेर येतो. तोच काळा धूर.

आता प्रश्न असा, की जी दिसत नाही, तराजूत घालता येत नाही, ती हवा मोजायची कशी?

विहिरीवरचा पंप आणि टॉरिचेली

विहिरीचं पाणी खाली गेलं की वर ठेवलेली मोटर पाणी उचलत नाही, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. सहा-सात मीटरच्या पुढं सक्शन घेत नाही. मोटर कितीही मोठी आणा, तेच. इटलीतल्या लोकांना चारशे वर्षांपूर्वी हाच अनुभव येत होता. त्यांचे हातपंप साधारण १० मीटरच्या वर पाणी ओढत नसत. गॅलिलिओनं १६३८ च्या आपल्या पुस्तकात ही अडचण नोंदवून ठेवली आहे.

त्याचा शिष्य टॉरिचेली. त्यानं १६४३-४४ च्या सुमारास पाण्याऐवजी पारा घेतला, कारण पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, म्हणजे नळी तेवढी लांब लागत नाही. काचेची नळी पाऱ्यानं भरून पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली. पारा ७६ सें.मी. वर थांबला. पाण्यात हिशेब केला तर १०.३ मीटर. म्हणजे पंप पाणी ओढत नाही, बाहेरची हवा आपल्या वजनानं पाणी वर ढकलते. तिच्यात जेवढा जोर, तेवढीच उंची.

पुढं १६४८ साली फ्रान्समध्ये पास्कलनं आपल्या मेहुण्याला तशीच नळी घेऊन प्युई द दोम नावाच्या डोंगरावर पाठवलं. पायथ्यापेक्षा माथ्यावर पारा साधारण ८ सें.मी. खाली आला. डोंगरावर हवा विरळ. आपल्याकडं महाबळेश्वरच्या उंचीवर हवा समुद्रकाठापेक्षा साधारण १२ टक्के विरळ असते, म्हणून घाटमाथ्यावर तेच इंजिन जरा दमतं. इंजिनात दोष नसतो, हवाच कमी मिळते.

इथं आपल्याला पहिला आकडा मिळाला. हवेचा दाब पाण्याच्या उंचीत सांगता येतो: सगळा मिळून १०,३०० मि.मी. पाणी. हा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पितोची वाकडी नळी

हवेचा किंवा पाण्याचा दाब कळला, पण धाव कशी मोजायची? हे काम केलं आँरी पितो नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं. कालवे, पूल, पाणीपुरवठा हा त्याचा धंदा. १७३२ साली पॅरिसमध्ये सीन नदीवर त्यानं दोन नळ्या पाण्यात धरल्या. एक सरळ, दुसरी खालून वाकवून तोंड प्रवाहाकडं केलेली. वाकड्या नळीत पाणी जास्त चढलं. धावतं पाणी तोंडावर आपटून वर चढतं, आणि जितकी धाव जास्त तितकं वर.

हे कुणीही पाटावर करून बघू शकतो. पाणी सेकंदाला १ मीटर धावत असेल तर नळीत साधारण ५ सें.मी. चढतं. धाव दुप्पट, म्हणजे २ मीटर झाली, की १० नाही, २० सें.मी. चढतं. दुपटीला चौपट. हा नियम हवेलाही लागू आहे.

त्या काळात जाणकार समजत होते की नदीचं पाणी जितकं खोल तितकं जोरात पळतं. पितोनं नळी खाली खाली नेऊन मोजलं तर उलटं निघालं, तळाकडं धाव कमी. ज्याला सगळे खरं मानत होते ते एका वाकड्या नळीनं खोटं ठरवलं. विमानाचा वेग आजही याच तत्त्वाच्या नळीनं मोजतात, तिला पितो ट्यूब म्हणतात.

नदीसाठी पितोनं जे केलं ते वाऱ्यासाठी १७७५ साली जेम्स लिंड नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं केलं. इंग्रजी यू अक्षरासारखी नळी, तिच्यात पाणी, एक तोंड वाऱ्याकडं. वारा आला की एका बाजूचं पाणी खाली, दुसरीकडचं वर. गवंड्याची नळी आणि ही नळी एकच. गवंड्याच्या नळीच्या दोन्ही तोंडांवर सारखीच हवा असते म्हणून पाणी समपातळीत राहतं. एका तोंडावर दाब बदलला की पातळी हलते, आणि जेवढी हलली तेवढा दाबाचा फरक.

हिशेब सोपा आहे. पातळीत १ मि.मी. फरक म्हणजे वाऱ्याची धाव सेकंदाला साधारण ४ मीटर, उफणायला चांगला लागतो तेवढा वारा. १०० मि.मी. फरक म्हणजे १०० चं वर्गमूळ १०, गुणिले ४, सेकंदाला ४० मीटर. ताशी १४४ किलोमीटर. एवढ्याशा नळीत एवढं वादळ मोजता येतं.

ठिबकवरचा व्हेंच्युरी

आता आपल्या ओळखीचा माणूस येतो. ठिबकला विद्राव्य खत सोडताना आपण व्हेंच्युरी वापरतो. मधे बारीक मान, बाजूला नळी, ती खताच्या बादलीत. व्हॉल्व थोडा दाबला की बादलीतलं खत आपोआप ओढलं जातं. हे नाव एका माणसाचं आहे, हे मला स्वतःला बरीच वर्षं माहीत नव्हतं.

जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंच्युरी. १७४६ साली इटलीत जन्म. धर्मानं पाद्री आणि पेशानं मोदेनाचा प्राध्यापक. १७९७ साली पॅरिसमध्ये त्यानं पाण्याच्या प्रवाहावरचे आपले प्रयोग छापले. त्याआधी १७३८ साली डॅनियल बर्नूलीनं पुस्तकात मांडलं होतं की धाव वाढली की दाब घटतो. व्हेंच्युरीनं अरुंद होऊन पुन्हा रुंद होणाऱ्या नळ्या घेऊन ते तपासलं. मानेत पाणी जोरात पळतं, तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो, म्हणून खत आत ढकललं जातं. पुन्हा तीच टॉरिचेलीची गोष्ट: ओढणारं कुणी नाही, बाहेरची हवा ढकलते.

व्हेंच्युरी गेला १८२२ साली. त्याच्या नळीचं मोजमापाचं यंत्र झालं त्यानंतर पासष्ट वर्षांनी, आणि ते पाण्याच्या बिलासाठी. अमेरिकेत मॅसेच्युसेट्स राज्यात होल्योक नावाचं गाव आहे. तिथं नदीवर धरण बांधून कालव्यांतून कारखान्यांना पाणी विकत होते. कुणी किती पाणी घेतलं यावर पैसे. क्लेमेन्स हर्शेल हा तिथला हायड्रॉलिक इंजिनिअर. मोठ्या पाईपातून जाणारं पाणी कसं मोजायचं? फिरणारं चाक आत घातलं तर गाळ, काटक्या अडकणार. त्यानं पाईपाची मान बारीक केली, मानेच्या आधी आणि मानेत अशा दोन ठिकाणी बारीक नळ्या काढल्या, आणि दोघींतला दाबाचा फरक वाचला. फरकावरून पाणी. आत फिरणारं काही नाही, अडकणारं काही नाही. १८८७ साली त्यानं हे जाहीर केलं आणि स्वतःचं नाव न देता नव्वद वर्षांपूर्वीच्या पाद्र्याचं दिलं: व्हेंच्युरी मीटर.

कृषी अधिकारी मंडळींना पार्शल फ्ल्यूम माहीत आहे. कोलोरॅडोतल्या राल्फ पार्शल यांनी १९२० च्या दशकात कालव्याच्या पाण्यासाठी तो तयार केला. तीच बारीक मान, फक्त उघड्या पाटात. त्याला आधी नावसुद्धा सुधारित व्हेंच्युरी फ्ल्यूम असंच होतं.

म्हणजे बघा, मोजायची सगळी हत्यारं पाण्यावाल्यांनी तयार केली. विहीर, नदी, कालवा. इंजिनवाल्यांनी ती उचलली.

हवेच्या मागं लागलेला वेस्लेक

मोटारी आल्यावर बरीच वर्षं इंजिनाची ताकद ब्रेक लावून मोजत होते, पण आत हवा किती जाते हे अंदाजावरच. ताकद कमी पडली की व्हॉल्व मोठा करा, भोक मोठं करा, हा सरळ हिशेब.

हॅरी वेस्लेक हा इंग्लंडमधल्या एक्सेटरचा, जन्म १८९७ चा. वडील गॅसची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात, पोरगाही तिथंच शिकला. गॅसच्या धंद्यात वायू मोजल्याशिवाय पानही हलत नाही, कारण मोजमाप म्हणजेच बिल. तीच सवय त्यानं इंजिनाला लावली. इंजिन चालू न करताच नुसतं हेड घ्यायचं, त्यातून हवा सोडायची, व्हॉल्व थोडा थोडा उघडत जायचं, आणि प्रत्येक टप्प्याला किती हवा गेली ते मोजायचं. मग भोकाचा आकार बदलायचा आणि पुन्हा मोजायचं. यालाच पुढं फ्लो बेंच म्हणायला लागले.

त्याचं गाजलेलं काम १९३५ चं. कोव्हेंट्रीच्या विल्यम लायन्सना आपल्या नव्या गाडीसाठी, जिला त्यांनी जॅग्वार नाव दिलं, जास्त ताकद पाहिजे होती. हातात इंजिन होतं ते बाजूला व्हॉल्व असलेलं, २६६४ सीसी, साधारण ७० अश्वशक्तीचं. वेस्लेकनं व्हॉल्व वर घेणारं नवं हेड आखून दिलं. इंजिन तेवढ्याच सीसीचं, ताकद शंभराच्या पुढं. पुढं १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात आलेल्या जॅग्वारच्या एक्सके इंजिनाच्या हेडवरही त्याचा हात होता. त्या इंजिनाच्या गाड्यांनी १९५१ ते १९५७ या काळात ल मांची २४ तासांची शर्यत पाच वेळा जिंकली. १९६७ साली डॅन गर्नीनं बेल्जियमची ग्रां प्री जिंकली, त्या गाडीचं इंजिनही वेस्लेकच्याच कारखान्यातलं.

बेंचवर मोजणाऱ्यांना जे सापडत गेलं ते आपल्याला पाटावरून पटेल. पाटाला एकदम काटकोनात वळण दिलं की आतल्या कडेला पाणी कडा सोडतं, भोवरा होतो, आणि पाट रुंद असूनही पाणी कमी पुढं जातं. हेडच्या आतल्या वळणात हवेचं तेच होतं. तिथं भोक मोठं करून उपयोग नाही, वळण सुधारावं लागतं. दुसरी गोष्ट व्हॉल्वच्या उघडण्याची. व्हॉल्व आपल्या व्यासाच्या चौथाईइतका उचलला की भोवतीची फट आणि व्हॉल्वच्या तोंडाचं क्षेत्र सारखं होतं. त्याच्या पुढं कितीही उचला, हवा फारशी वाढत नाही. चारीचं दार पाण्याच्या वर काढून ठेवल्यासारखं.

गॅरेजमधला लाकडी खोका

वेस्लेकसारखी सोय सगळ्यांकडं नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हौशी लोक आणि छोटे गॅरेजवाले जुन्या मोटारी शर्यतीसाठी तयार करायला लागले. त्यांनी बेंच घरीच बनवला. तयार छोटे बेंच १९७० च्या दशकात विकत मिळायला लागले, पण घरगुती खोके आजही जगभर बनतात. रचना अशी:

१) प्लायवूडचा हवाबंद खोका, मधे आडवी फळी टाकून दोन कप्पे.
२) मधल्या फळीत पातळ पत्रा, त्याला धारदार कडेचं, नेमक्या मापाचं गोल भोक.
३) खोक्याच्या वर सिलिंडरच्या मापाची नळी आणि तिच्यावर हेड.
४) खालच्या कप्प्याला घर साफ करायच्या व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरी, हवा ओढायला.
५) दोन पाण्याच्या नळ्या. एक हेडखालचा दाब दाखवते, दुसरी पत्र्याच्या भोकाच्या दोन्ही बाजूंतला फरक.

हेडमधून जेवढी हवा येते तेवढीच पत्र्याच्या भोकातून जावी लागते. भोकाचं माप माहीत, दाबाचा फरक माहीत, म्हणजे हवा कळली. धारदार कडेच्या भोकातून जाताना हवेचा झोत आकसतो, म्हणून भोकाच्या पूर्ण क्षेत्राच्या साधारण ६१ टक्केच हिशेबात धरतात. झोत असा आकसतो हे न्यूटननंसुद्धा पाण्याच्या बाबतीत लिहून ठेवलंय. उदाहरण घ्या: २५ मि.मी. व्यासाचं भोक, पाण्याचा फरक २५० मि.मी. धाव निघते सेकंदाला साधारण ६४ मीटर, आणि हवा सेकंदाला १९ लिटर. कागद-पेन्सिलीचा हिशेब आहे, दहावीच्या गणितात बसतो.

फरक बारीक असला तर नळी उभी न ठेवता तिरकी ठेवायची. दहाला एक असा उतार दिला तर १ मि.मी. चढ नळीवर १० मि.मी. दिसतो. पाण्यात थोडा रंग टाकायचा म्हणजे डोळ्याला स्पष्ट.

चुका कुठं होतात तेही या लोकांनी शोधून ठेवलंय. खोका कुठंतरी गळतो आणि ती हवा हेडच्या खात्यावर जमा होते, म्हणून आधी वरचं तोंड बंद करून गळती बघायची. लाईट कमी-जास्त झाली की मोटरीचा जोर बदलतो, म्हणून प्रत्येक वेळी हेडखालचा दाब एकाच आकड्यावर आणूनच वाचायचं. आणि एका खोक्यावरचा आकडा दुसऱ्याच्या खोक्यावरच्या आकड्याशी भिडवायचा नाही. आपल्याच खोक्यावर आधी आणि नंतर, एवढंच खरं.

आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत डिझेल इंजिनाशेजारी एक मोठा लोखंडी डबा असतो, त्याला एक भोक आणि शेजारी यू नळी. पोरं प्रॅक्टिकलला वाचतात ती हीच. डबा एवढा मोठा का? तर एका सिलिंडरचं इंजिन हवा गचके देत ओढतं, नळीतलं पाणी नाचायला लागतं. मधे मोठा डबा असला की गचके त्यात मुरतात, जसं सिमेंटच्या हौदात पंपाचे गचके मुरतात आणि पुढं पाणी एकसारखं जातं.

एक इशारा देऊन ठेवतो. हे वाचून कुणी ट्रॅक्टरच्या हेडची भोकं घासून मोठी करू नका. डिझेल इंजिनाच्या बऱ्याच हेडमध्ये भोकाला मुद्दाम पीळ दिलेला असतो, हवा सिलिंडरमध्ये गोल फिरावी म्हणून. ती फिरली तरच डिझेल तिच्यात नीट मिसळतं. घासून जास्त हवा जाईल पण फिरणार नाही, आणि धूर उलट वाढेल. शर्यतीच्या पेट्रोल गाडीचा धडा जसाच्या तसा ट्रॅक्टरला लागू नाही.

आता माझा ट्रॅक्टर

मला हेड उतरवायचं नव्हतंच. मला एवढंच बघायचं होतं की फिल्टरपासून इंजिनापर्यंत हवेचा गळा कुठं आवळला जातोय का. त्याला खोका लागत नाही, नुसती नळी पुरते.

तीन मीटर पारदर्शक नळी घेतली, फळीवर यू आकारात बांधली, प्रत्येक बाजू सव्वा मीटर. निम्म्यापर्यंत रंगाचं पाणी. एक तोंड उघडं, दुसरं ट्रॅक्टरला. फिल्टरच्या पुढं जिथं चोकअप दाखवणारा इंडिकेटर बसतो तिथं पहिल्यांदा जोडलं. टर्बो नसलेल्या डिझेल इंजिनाची एक सोय आहे: ते किती हवा ओढणार हे लोडवर नाही, फेऱ्यांवर ठरतं. त्यामुळं शेडजवळ उभ्या ट्रॅक्टरला हळूहळू पूर्ण रेस दिली तरी मोजमाप होतं. टर्बोवाल्याला मात्र लोड द्यावाच लागतो.

फरक आला २०० मि.मी. च्या आसपास. कोरड्या फिल्टरच्या डिझेल इंजिनाला साधारण ५०० ते ६३५ मि.मी., म्हणजे २० ते २५ इंच, ही शेवटची हद्द धरतात. नेमका आकडा ज्याच्या त्याच्या पुस्तकात बघावा. म्हणजे फिल्टर निर्दोष होता.

मग मॅनिफोल्डला जोडणाऱ्या लोखंडी नळीवर छोटं निपल बसवून घेतलं आणि तिथं जोडलं. कमी रेसवर ठीक. रेस वाढवत नेली आणि पाणी चढतच गेलं. पूर्ण रेसला ८५० मि.मी. दोन्ही जागांमध्ये होतं काय? फक्त एक रबरी होज. बाहेरून धडधाकट, हातानं दाबून बघितला तरी कडक. पण उतरवून आत बॅटरी मारली तर आतला थर सुटलेला. इंजिन बंद असताना तो भिंतीला चिकटून असायचा, पूर्ण रेसला ओढीनं मधे येऊन अर्धं तोंड बंद करायचा. डोळ्याला कधीच दिसला नसता, कारण बघताना आपण इंजिन बंद करूनच बघतो.

आता तो १०,३०० चा आकडा आठवा. त्यातले ८५० गेले म्हणजे आठ टक्क्यांच्या वर हवा कमी. रिकामं पळताना हवा भरपूर उरते म्हणून कळत नाही. पूर्ण लोडवर डिझेल आणि हवेचा हिशेब आधीच काठावर असतो, तिथं आठ टक्के म्हणजे सरळ धूर. होज बदलला, पुन्हा मोजलं, २२० वर आलं. रोटाव्हेटर लावला, धूर गेला. बोअर आजही तोच आहे.

मेकॅनिकला नावं ठेवत नाही. त्यानं जे अनुभवात बघितलं ते सांगितलं. मी पण नोझल आणि पंपाचा खर्च त्याच्याइतक्याच अंदाजानं केला होता.

कुणाला करायचं असेल तर

नळीच्या दोन्ही बाजूंतला एकूण फरक वाचायचा. एकच बाजू वाचली तर निम्मा आकडा येतो, ही चूक मी स्वतः केलीय.

पाणी इंजिनात जाऊ देऊ नका. प्रत्येक बाजू मीटरच्या वर ठेवा, मधे एक रिकामी काचेची बाटली जोडा म्हणजे चढलेलं पाणी तिच्यात पडेल. रेस एकदम देऊ नका. पाणी काठाला यायला लागलं की लगेच रेस सोडा.

नवा फिल्टर टाकला की त्याच दिवशी मोजून आकडा मडगार्डच्या आत रंगानं लिहून ठेवा. पुढच्या वेळी तोच आपला मापदंड. फिल्टर खराब झाला का हे धुळीच्या रंगावरून नाही, आकड्यावरून ठरवा. काहीजण दर आठवड्याला काढून कॉम्प्रेसरनं जोरात फुंकतात, त्यानं कागद फाटतो आणि धूळ थेट आत जाते. फुंकायचाच तर कमी दाबानं, आतून बाहेर.

आणि फरक एकदम फारच कमी दाखवला तर खूश होऊ नका. फिल्टर फाटलाय का, रबर नीट बसलंय का ते बघा. हवा आडवाटेनं आत जात असेल तर नळीला ती सोपी वाट वाटते, आणि मग बोअर खरंच जातो.

माझी ती फळी शेडमध्ये टांगलेली आहे. जवळपासच्या कुणाला ट्रॅक्टर मोजायचा असेल तर घेऊन जा, फक्त परत आणून द्या. आणि इंजिन उतरवायचं म्हणून कुणी सांगितलं असेल, तर आधी एक दिवस थांबून हे करून बघा.